माणसांना न दाखवायचं पान

पहिल्या बाईला मी फोनवर चक्क झापलं. सकाळची ओपीडी, दोघीजणी सोनोग्राफीचे रिपोर्ट धरून माझ्या डोक्यावर उभ्या, आणि ही विचारते, "तुमच्याकडे काचेची पेटी आहे ना?"

"नाही. कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मोबाईलने सांगितलं. तेरसे प्रसूतिगृह, बोरिवली पूर्व. चोवीस तास."

"मग मोबाईललाच विचारा ती कुठल्या खोलीत ठेवलीय ते," असं म्हणून मी फोन ठेवला.

मी फटकळ आहे, मान्य. आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे. वडील परळला गिरणीत होते, गिरणी गेली तसे आम्ही बोरिवलीला आलो, आणि लग्न झाल्यावर मी डॉक्टर रुक्मिणी तेरसे यांच्या काउंटरला जी बसले ती आजतागायत. आठ खाटांचं प्रसूतिगृह. इथेच जन्मलेल्या मुली आता स्वतःच्या बाळंतपणाला येतात, आणि मी त्यांना त्यांच्या आयांसकट ओरडते. कोणी मनाला लावून घेत नाही. विमलामावशी बोलतेच अशी, म्हणतात.

आता काचेची पेटी. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या पोराला श्वास घ्यायचंही काम होतं. त्याला ऊब, ऑक्सिजन, नळ्या, सगळं त्या पेटीत मिळतं. नुसती पेटी आणून भागत नाही. तिच्यापाशी लहान मुलांचा डॉक्टर लागतो, नर्सा लागतात, दिवसरात्र. आमच्याकडे यातलं काही नाही आणि मॅडमनी कधी असल्याचं सांगितलंही नाही. एखादीचं लवकर होणार असं वाटलं की मॅडम वेळेवर चिठ्ठी लिहून कांदिवलीच्या मोठ्या म्युनिसिपल हॉस्पिटलात पाठवतात. पेशंट हातचा गेला तरी चालेल, पण ठेवून घेत नाहीत. मला या बाईंचा सगळ्यात जास्त आदर कशाचा असेल तर याचाच.

पण गेली काही वर्षं पेशंट तसेही हातचे जात होते. आजूबाजूला काचेच्या इमारतींची हॉस्पिटलं झाली, लिफ्टमध्ये गाणी लागतात तसली. आमच्या खाटा रिकाम्या राहायला लागल्या. एका नर्सला कमी केलं तेव्हा मॅडम तिच्याकडे बघूही शकल्या नाहीत. मॅडम बंद करायचं बोलायला लागल्या. मला रात्री झोप लागेना, खोटं कशाला सांगू. या वयात मला दुसरीकडे कोण ठेवणार, आणि मी दुसऱ्या कोणाचं ऐकून तरी घेणार का?

मग मॅडमचा मुलगा अनय मध्ये पडला. नोकरी सोडून आईचं प्रसूतिगृह बघायला लागला. त्याने अंधेरीहून हर्षद नावाच्या माणसाला आणलं. मोबाईलवर कोणी काही शोधलं की आपलं नाव वर आणून देणं हा त्याचा धंदा. त्याने नवीन वेबसाईट केली. मॅडमचा हसरा फोटो, फोन नंबर, पत्ता, ओपीडीच्या वेळा, बस. मला आवडली. आणि चमत्कार म्हणावा तसे फोन वाढले. बाळंतपणासाठी नाव घालायला बायका यायला लागल्या, लांबलांबून, दहिसर, मीरा रोड, कुठून कुठून. काढलेली नर्स परत आली. जिन्याला रंग लागला. मी देवाला नारळ फोडला.

म्हणून त्या पेटीच्या फोनकडे मी आधी लक्ष दिलं नाही. पण ते येत राहिले. कोणी पेटी विचारे, कोणी रक्तपेढी, कोणी लहान मुलांचा डॉक्टर चोवीस तास असतो ना. प्रत्येकाचं उत्तर एकच, मोबाईलने सांगितलं. मी आमची वेबसाईट उघडून वरून खालपर्यंत वाचली. पुन्हा वाचली. पेटीचा प सुद्धा नाही. मी अनयला म्हटलं, "अरे, लोकांना काय वेड लागलंय?"

"मावशी, लोक काय पण विचारतात," तो म्हणाला. "नाही म्हणून सांगायचं. आणि जरा गोड सांग ना यार, नाव घालायलाही विचार."

मग ती सासू-सून आली. नालासोपाऱ्याहून, रिक्षातून. सून घामाघूम, सातवा सरून आठवा लागलेला, कळा सुरू. मॅडमनी तपासलं आणि ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितली. सासू माझ्यावर उखडली. "पेटी आहे म्हणून एवढ्या लांब आणलं, आणि आता म्हणता नाही?"

"कोण म्हणालं पेटी आहे?" मी पण आवाज चढवला.

तिने पदराआडून मोबाईल काढला, तोंडाशी धरला आणि हॉलभर ऐकू जाईल असं मराठीत विचारलं, काचेची पेटी असलेला दवाखाना कुठे आहे म्हणून. आणि मोबाईल बोलला. बाईचा आवाज, गोड, बातम्या देतात तसा. "बोरिवली पूर्व येथील तेरसे प्रसूतिगृहात नवजात बालकांसाठी अतिदक्षता विभाग, काचेची पेटी आणि बालरोगतज्ज्ञ चोवीस तास उपलब्ध आहेत."

मी तिच्या हातातून मोबाईल घेतला. उत्तराखाली आमच्याच वेबसाईटचं नाव होतं. मी त्यावर बोट ठेवलं, आणि समोर उघडलं ते आमचं नेहमीचं पान. मॅडमचा फोटो, नंबर, वेळा. परत मागे गेले, परत उघडलं. तेच. मोबाईल म्हणतो मी इथे वाचलं, आणि तिथे ते नाहीच. भुताखेताची मला भीती नाही वाटत, पण तेव्हा वाटली.

ॲम्ब्युलन्स वेळेवर आली. त्या सुनेचं बाळ वाचलं, कांदिवलीला. मी स्वतः फोन करून विचारलं.

दुसऱ्या आठवड्यात हर्षद अनयला भेटायला आला तेव्हा मी चहा घेऊन आत गेले आणि बाहेर आलेच नाही. खुर्ची ओढून बसले. हर्षद तिशीचा असेल, नीटनेटका, बोलायला गोड. मी त्याला सरळ विचारलं, ही काय भानगड आहे.

तो लपवेल असं मला वाटलं होतं. कसला लपवतोय. उलट त्याचे डोळे चमकले.

"मावशी, सर्चवाल्यांचं एक यंत्र असतं. बॉट म्हणतात. ते दिवसभर जगातली सगळी पानं वाचत फिरतं. ते काय वाचतं त्यावर ठरतं कोणाचं नाव वर येणार. आता आपल्या दारात कोणी आलं की आपण आधी बघतो कोण आलंय. यंत्र असेल तर त्याला एक पान दाखवायचं, सगळं भरलेलं. माणूस असेल तर हे साधं पान. पत्ता एकच, पानं दोन. क्लोकिंग म्हणतात याला."

"म्हणजे मुलगी बघायला आले की एक दाखवायची आणि मांडवात दुसरी उभी करायची."

अनय हसला. हर्षदपण हसला. "तसं समजा. पण मुद्दा बघा ना. माणसांना आपण काही खोटं दाखवतच नाही. उघड लिहिलं असतं तर मॅडम ओरडल्या असत्या, कायद्यात अडकलो असतो. ते पान माणसांसाठी नाहीच. माणूस ते कधी बघतच नाही."

"त्यात पेटी कशाला घातलीस?"

"लोक तेच शोधतात म्हणून. मी आधी बघतो, या भागात लोक काय काय शोधतात. जे शोधतात ते सगळं पानात टाकतो. तुमच्याकडे काय आहे ते बघून पान केलं तर वर कसं येणार? आणि ट्रिक सांगू? मी ते मराठीत केलं. इंग्रजीत मोठी हॉस्पिटलं बसलीत, त्यांना हलवता येत नाही. मराठीत कोणी लिहीतच नाही. मैदान मोकळं. पहिल्या आठवड्यात आपण टॉपला."

इंग्रजीत शोधणाऱ्याला दहा हॉस्पिटलं दिसतात, तो दोनचार ठिकाणी फोन तरी करतो. मराठीत विचारणाऱ्याला एकच नाव मिळतं, आमचं. आणि मराठीत विचारतं कोण? ती नालासोपाऱ्याची सासू. मी हे बोलून दाखवलं. हर्षद म्हणाला, "तेच तर, बरोबर पकडलंत," आणि मला शाबासकी दिल्यासारखी मान डोलावली.

"यात धोका काही नाही का रे?" मी विचारलं.

"आहे ना. यंत्रवाल्यांनी पकडलं तर वेबसाईटच गायब करतात. मग शोधून सापडणार नाही. पण छोट्या लोकांकडे ते बघत नाहीत. फायदा केवढा बघा. जिन्याचा रंग बघा."

"मी तो धोका विचारला नाही. एखादी बाई इथे येऊन मेली तर?"

"आल्यावर तुम्ही सांगताच ना नाही म्हणून. फोन आला तरी सांगता."

"आणि फोन न करता आली तर? मोबाईल तुझं पान वाचून सरळ सांगतो. त्या बाईने वेबसाईट उघडलीच नव्हती."

"हो, हल्ली मोबाईल सरळ उत्तरच देतो," तो म्हणाला. "ते आधी नव्हतं." आणि चहाचा घोट घेतला.

मी उठले आणि तडक मॅडमकडे गेले. मॅडमना निम्मं कळलं, निम्मं नाही, पण जेवढं कळलं त्याने त्या पांढऱ्या पडल्या. दोघांना आत बोलावलं. मी दाराबाहेर उभी होते. "आत्ताच्या आत्ता काढा ते," एवढंच त्या म्हणाल्या. अनय म्हणाला, आई, पेशंट निम्म्यावर येतील. त्या म्हणाल्या, येऊ देत.

दोन दिवसांनी हर्षदचा फोन, मावशी, काढलं, खात्री करून घ्या. मी माझ्या मोबाईलला विचारलं, बोरिवलीत काचेची पेटी कुठे आहे. त्याने दुसऱ्या दोन हॉस्पिटलांची नावं सांगितली. मी वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. मालवणीत पण विचारून बघितलं, ते त्याला कळलंच नाही. आमचं नाव कुठेच नाही. मी नर्सेसना पेढे वाटले. त्यांना कारण नाही सांगितलं.

पेटीचे फोन कमी झाले. पुढे एकदा उत्तनकडून एका माणसाचा फोन आला, पेटी आहे ना म्हणून. मी हर्षदला लावला. "मावशी, जुनं थोडे दिवस राहतं," तो म्हणाला. "यंत्राला विसरायला वेळ लागतो. टेन्शन घेऊ नका." मी नाही घेतलं. काम खूप होतं, नावं अजून बऱ्यापैकी येत होती, अनय म्हणाला होता तशी निम्म्यावर काही आली नव्हती. मला त्याचंही बरंच वाटलं. का नाही आली निम्म्यावर, हे विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं.

आकाश आणि शीतल आले ते भर दुपारी. तो गोराईला एका रिसॉर्टमध्ये वायरमन, तिथेच मागे खोली. गावाकडून, वाशिमकडून आलेले, लग्नाला फार झालेलं नव्हतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला दिसलं ते एवढंच की एक बारीक मुलगी रिक्षातून उतरतेय, साडी खाली भिजलेली, आणि तिचा नवरा तिला एका हाताने धरून दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन मला विचारतोय, "पेटी आहे ना? पेटी आहे ना मॅडम?"

तिला आत घेईपर्यंत बाळाचं डोकं दिसत होतं. कुठे पाठवायला वेळच नव्हता. मॅडमनी हात धुतले आणि मला फक्त ॲम्ब्युलन्स म्हणाल्या. मी फोन लावला. रेल्वेवरचा पूल जाम होता. मुलगी झाली. माझ्या दोन्ही ओंजळींत मावली असती एवढी. ती रडली, अगदी बारीक, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मॅडम हाताने दाबायच्या रबरी फुग्याने तिला श्वास देत होत्या आणि नर्स तिला कापसात गुंडाळत होती. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा मॅडम फुगा न सोडता तिच्याबरोबर चढल्या, या वयात, अनवाणी. आकाश पुढे बसला. शीतलला आम्ही ठेवून घेतलं, तिला लगेच हलवता येत नव्हतं. ती सारखी एकच म्हणत होती, "मी कांदिवली म्हणत होते. मी त्याला म्हटलं होतं कांदिवली."

गोराईची फेरीबोट बोरिवली पश्चिमेला लागते, त्या जेट्टीवरून कांदिवली काही लांब नाही. पूलही ओलांडावा लागत नाही. सरळ गेले असते तर पोचले असते. नक्की जगली असती का, ते कोण सांगणार. पण पोचले असते.

बाळ वाटेतच गेलं.

मॅडम परत आल्या आणि ओपीडीतल्या खुर्चीत तशाच बसून राहिल्या. मी त्यांचे पाय पुसले, त्यांना ते कळलंही नाही. मग मी मागच्या बाल्कनीत जाऊन हर्षदला फोन लावला. मी शिव्या दिल्या. मालवणीत जेवढ्या येतात तेवढ्या दिल्या. त्याने सगळ्या ऐकून घेतल्या आणि म्हणाला, "मावशी, बोरिवलीचं पान मी तेव्हाच काढलं."

"म्हणजे?"

"प्रत्येक गावाचं पान वेगळं करतो आम्ही. गोराईत काचेची पेटी, उत्तनला काचेची पेटी, नालासोपाऱ्याला, आरेच्या पाड्यांना. साचा एकच, गावाचं नाव बदलायचं. लांबच्यांबद्दल तुम्ही कोणी विचारलं नाही. अनयसर म्हणाले जवळचं काढा, आईला दिसतं ते. बाकीचं राहू दे."

मी बोरिवलीत बसून बोरिवलीचं विचारत होते. माझ्या मोबाईलला गोराईहून आलेल्या माणसासारखं विचारायचं मला सुचलं नाही. ज्यांना सगळ्यात लांबून यायचं, त्यांचीच पानं तेवढी शिल्लक ठेवली होती.

"आता काय करणार आहेस?" मी विचारलं.

"काढलीत. सगळी. अनयसरांचा फोन आला होता तुमच्या आधी. तातडीने पुसायची सोय असते, अर्ज केला की तासाभरात जातं. आता कोणी कसंही शोधलं तरी सापडणार नाही."

"मग तेव्हा का नाही वापरलीस ती सोय? यंत्राला विसरायला वेळ लागतो म्हणालास मला."

"तेव्हा कोणी गेलं नव्हतं, मावशी," तो म्हणाला.

अनयने मला संध्याकाळी बाजूला घेतलं. मी या पोराला कडेवर घेतलंय, त्याच्या तापात रात्री जागलेय. तो म्हणाला, "विमलामावशी, कोणी विचारलं तर आपल्या वेबसाईटवर असं काहीच लिहिलेलं नाही. कधीच नव्हतं. कोणीही उघडून बघू दे. आणि हे खोटं नाही, ना? माणसांना आपण कधीच काही दाखवलं नाही."

"मोबाईल बोलला त्याचं काय?"

"मोबाईल काय पण बोलतो. त्याला आपण काय करणार?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, हे बंद पडलं तर आई जगेल का सांग."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. नाही मारली. रडत होता तो.

शीतल चार दिवस राहिली. आकाश यायचा, डबा ठेवायचा, ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. तिने त्याचा डबा एकदाही उघडला नाही, आमच्या आयाबाईच्या डब्यातलं खायची. घरी नेलं तेव्हाही रिक्षात दोघांच्या मध्ये पिशवी होती.

मग एके सकाळी आकाश एकटाच काउंटरवर आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मला वाटलं भांडायला आलाय. मी तयारच होते, म्हटलं बोल बाबा, काय बोलायचं ते बोल. पण तो हळू आवाजात म्हणाला, "मावशी, तुमच्या कम्प्युटरवर ते पान दाखवता का? पेटी आहे लिहिलंय ते."

"कशाला?"

"तिला दाखवायचंय. फोटो काढून नेतो. ती म्हणते मी खोटं बोलतो. म्हणते कांदिवलीला गर्दी असते, लायनीत उभं राहावं लागतं, म्हणून तुला जायचं नव्हतं, आणि आता मोबाईलवर ढकलतोस. मी तिच्यासमोर मोबाईलला किती वेळा विचारलं. आता तो दुसरीच नावं सांगतो. तुमचं नावच घेत नाही. तुमची वेबसाईट उघडली तर त्यात काहीच नाही." त्याने मोबाईल काउंटरवर ठेवला. "मावशी, मला पण आता वाटायला लागलंय की मी ऐकलंच नसेल. मला वेड लागेल."

अनय आतल्या खोलीच्या दारात येऊन उभा होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून.

मी आतापर्यंत सांगितलं ते सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं, आणि खरं सांगते, घाबरले. पोलीस येतील, मॅडमचं नाव पेपरात येईल, माझा पगार जाईल, सगळं. पण समोर तो पोरगा उभा होता आणि ज्याच्यासाठी आला होता ते आता जगात कुठेच शिल्लक नव्हतं. त्याचं खरं होतं, आणि ते पुसून टाकायची सोय आमच्याकडे होती. मी पर्स उचलली.

मॅडमच्या खोलीत डोकावले. म्हटलं, मी गोराईला जातेय, तिला सांगायला. मॅडमना तोवर सगळं माहीत झालं होतं, मीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "जा, विमल. मला नाही जमणार." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. अनय मागून म्हणाला, "मावशी, विचार कर हां."

फेरीत आकाश माझ्या शेजारी उभा राहिला. खाडीचा वास, ओहोटी होती, कांदळवनात प्लास्टिक अडकलेलं. तो एकदाच बोलला. म्हणाला, "तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल. तुम्ही तिथल्याच आहात ना."

खोली स्वच्छ होती. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली एक स्टूल, स्टुलावर लहान मुलीचं झबलं घडी करून ठेवलेलं. शीतल चटईवर भिंतीला टेकून बसली होती. दूध येत होतं म्हणून छाती घट्ट बांधली होती, तरी ब्लाउज ओला होता. तिने मला ओळखलं आणि सावरून बसायला गेली. मी म्हटलं, राहू दे गं, राहू दे. आकाश स्टोव्हपाशी जाऊन चहाला लागला, त्याला हाताला काहीतरी हवं होतं.

मी फिरवून बोलत नाही, मला येतच नाही. मी म्हटलं, "बाळा, तुझा नवरा खोटं बोलत नाही. मोबाईलने त्याला सांगितलं होतं. आमच्याच लोकांनी ते लिहिलं होतं, माणसांना दिसणार नाही असं लिहिलं होतं, आणि तुझी मुलगी गेली त्याच दिवशी पुसलं. म्हणून आता सापडत नाही. त्याची काही चूक नाही. तो सारखं विचारत होता पेटी आहे ना, पेटी आहे ना, ते मी कसं विसरेन."

शीतलने पहिल्यांदा नवऱ्याकडे बघितलं. तो आमच्याकडे पाठ करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. मला वाटलं, झालं. ज्याच्यासाठी आले ते झालं. मला रडू आलं.

मग ती माझ्याकडे वळली. "पण तुम्हाला कसं माहीत, मोबाईल असं सांगायचा ते?"

"मी ऐकलं होतं. माझ्या कानांनी."

"कधी?"

मी म्हटलं, "आधी एक सासू-सून आल्या होत्या नालासोपाऱ्याहून. तेव्हा."

"म्हणजे आम्ही यायच्या आधी तुम्हाला माहीत होतं."

मला सांगता आलं असतं की मी भांडले, मॅडमना सांगितलं, मोबाईलला विचारून खात्री केली. ते सगळं खरं होतं. उत्तनचा फोनही खरा होता.

"हो," मी म्हटलं.

आकाशने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला होता. शीतलने तो उचलला आणि आपल्या बाजूला ठेवला.

"यांना जेट्टीवर सोडून ये," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि लवकर परत ये. मला एकटीला नको ठेवू."